व्हर्च्युअल मशीनला यूएसबी जोडायचं कसं: टोकन, डोंगल, काट्याची केबल आणि बॅकअपची डिस्क

एका होस्टवर (प्रत्यक्ष संगणकावर) तीन व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन. पहिल्यात टॅली आणि जीएसटीचं काम, दुसऱ्यात जुन्या विंडोजवरचं कॅम सॉफ्टवेअर (सीएनसी यंत्रांचे प्रोग्राम बनवणारं), तिसऱ्यात फाइल सर्व्हर. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीला किंवा चिकोडीतल्या सीएच्या ऑफिसला एवढी मांडणी पुरते. अडतं ते यूएसबीपाशी. डीएससीचं (डिजिटल सहीच्या प्रमाणपत्राचं) टोकन, कॅमचा डोंगल (परवान्याची यूएसबी किल्ली), वजनकाट्याची केबल, बॅकअपची डिस्क हे सगळं लागतं होस्टच्या पाठीमागच्या पोर्टला, आणि हवं असतं आतल्या विंडोजला.

ढोबळ नियम असा: टोकन, डोंगल, काटा अशी लहान उपकरणं थेट व्हीएमला द्यावीत. डिस्क शक्यतो होस्टकडेच ठेवावी. यूपीएसची केबल व्हीएमला कधीही देऊ नये. हे का, ते पुढे ओघात येईलच.

खालच्या पायऱ्या प्रॉक्समॉक्स व्हीई या होस्टवर व्हीएम चालवणाऱ्या सिस्टिमच्या आठव्या आवृत्तीला धरून आहेत. मेनूंची नावं आणि आदेश देवनागरीत उच्चाराप्रमाणे दिले आहेत. आदेश टाइप करताना ते इंग्रजी लहान अक्षरांत करायचे.

आधी उपकरण ओळखा

ब्राउझरमध्ये होस्टचा पत्ता पोर्ट ८००६ वर उघडा, डावीकडे नोड (म्हणजे तो होस्ट) निवडा आणि शेल, म्हणजे आदेश टाइप करायची खिडकी, उघडा. उपकरण न लावता 'एलएसयूएसबी' चालवा, मग उपकरण लावून पुन्हा चालवा. दुसऱ्या खेपेला जी ओळ जास्त दिसेल ती तुमची. त्या ओळीत बसचा क्रमांक, डिव्हाइसचा क्रमांक आणि 'आयडी'पुढे चार-चार अक्षरांची जोडी असते. बस-डिव्हाइसचे क्रमांक टिपून ठेवण्यात अर्थ नाही, उपकरण काढून लावलं की ते बदलतात. आयडी मात्र कायम राहतो: जुन्या हॅस्प डोंगलचा ०५२९:०००१, एफटीडीआय चिपच्या सीरियल केबलचा ०४०३:६००१.

मग 'एलएसयूएसबी -टी' चालवा. याने झाड दिसतं, कोणतं उपकरण कोणत्या पोर्टवर आणि किती वेगानं चाललंय ते. टोकन किंवा डोंगलपुढे '१२एम' दिसलं तर बिघाड समजू नका, ती उपकरणं तेवढ्याच वेगाची असतात. डिस्कपुढे '५०००एम' हवं. तिथं '४८०एम' दिसलं, तर केबल जुनी आहे, पोर्ट यूएसबी २ चं आहे, किंवा कनेक्टर पुरता आत गेलेला नाही.

इथं एक बारकावा आहे. निळ्या रंगाच्या यूएसबी ३ पोर्टला आतून दोन ओळखी असतात. त्याच पोर्टला टोकन लावलं तर ते समजा '१-४' म्हणून दिसेल आणि यूएसबी ३ ची डिस्क लावली तर '२-४' म्हणून. आकडे बोर्डागणिक वेगळे, आणि दोन्ही बाजूंचा पोर्टचा आकडा सारखा असेलच असंही नाही. टोकन लावून क्रमांक नोंदवला आणि नंतर तिथं डिस्क लावली, तर व्हीएमला ती दिसत नाही. कारण तुम्ही दिलेला पोर्ट वेगळ्याच बसवरचा असतो.

व्हीएमला जोडणं

व्हीएम निवडा, 'हार्डवेअर', मग 'ॲड', मग 'यूएसबी डिव्हाइस'. इथं स्पाइस पोर्ट सोडला तर कामाचे पर्याय तीन.

'यूज यूएसबी व्हेंडर/डिव्हाइस आयडी' घेतलं, तर उपकरण कोणत्याही पोर्टला लावा, ते त्याच व्हीएमला जाईल. ऑफिसात एकच डोंगल असेल तर हेच बरं. शिपायानं साफसफाई करताना दुसऱ्या पोर्टला लावलं तरी काम अडत नाही.

'यूज यूएसबी पोर्ट' घेतलं, तर त्या पोर्टला जे लागेल ते व्हीएमला जाईल. एकाच मॉडेलची चार टोकनं असलेल्या सीएच्या ऑफिसला हाच पर्याय घ्यावा लागतो. चौघांचाही आयडी एकच असतो, आणि आयडीवरून जोडलं तर होस्ट त्यातलं कुठलं उचलेल याचा भरवसा नाही. तोटा एवढाच की त्या पोर्टला कुणी मोबाइल चार्जिंगला लावला, तर तोही व्हीएममध्ये जाऊन बसतो. पोर्टवर सरळ लेबल चिकटवा: मराठीत आणि कन्नडमध्येही, कारण केबल हलवणारा माणूस कोणती भाषा वाचेल ते सांगता येत नाही.

तिसरा पर्याय 'मॅप्ड डिव्हाइस', तो आवृत्ती ८.० पासून आला. डेटासेंटरच्या 'रिसोर्स मॅपिंग्ज'मध्ये उपकरणाला एकदा नाव द्यायचं आणि व्हीएमला ते नाव लावायचं. दोन-तीन नोडचं क्लस्टर असेल तर उपयोगी. एकट्या होस्टवर त्याची गरज नाही.

'यूज यूएसबी३' ही खूण ठेवावी. विंडोज ८ पासून पुढे तिचा ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो. विंडोज ७ मध्ये तो नाही, म्हणून जुन्या कॅमसाठी विंडोज ७ चालवत असाल तर खूण काढा, नाहीतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह दिसत राहील. व्हीएम चालू असतानाच उपकरण जोडायचं असेल, तर 'ऑप्शन्स'मध्ये 'हॉटप्लग'खाली यूएसबीला खूण हवी. एवढं करूनही नवी जोडणी नारिंगी रंगात दिसली, तर व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. आतल्या विंडोजचं रीस्टार्ट इथं पुरत नाही, बाहेरून 'शटडाउन' आणि 'स्टार्ट' लागतं.

पोर्ट कमी पडतात म्हणून हब लावला तर चालतं, पण अख्खा हब व्हीएमला देता येत नाही. हबवरचं एकेक उपकरण वेगळं द्यावं लागतं, आणि पोर्टचा क्रमांक '१-४.२' असा लांबतो. हब स्वतःच्या ॲडॅप्टरचा घ्या. प्रत्येक पोर्टला बटण असलेला मिळाला तर टोकनवाल्यांचं काम फारच सोपं होतं: ज्याची सही करायची त्याचंच बटण चालू.

डीएससीचं टोकन दिसतं, पण सही होत नाही

ई-टेंडर, आरओसी, जीएसटी, कशासाठीही डीएससी वापरा, ही तक्रार हमखास येते. टोकनचा ड्रायव्हर आतल्या विंडोजमध्ये टाकलेला असतो, डिव्हाइस मॅनेजरमध्ये सगळं ठीक दिसतं, आणि तरी सही करणारं सॉफ्टवेअर 'टोकन नाही' म्हणतं. बहुतेक वेळा कारण असं: तुम्ही व्हीएममध्ये रिमोट डेस्कटॉपने बसलेले असता. रिमोट डेस्कटॉपच्या सत्रात विंडोज स्मार्टकार्ड शोधायला तुमच्या टेबलावरच्या पीसीकडे बघतं, व्हीएमला लावलेल्या टोकनकडे नाही. ड्रायव्हर कितीही वेळा पुन्हा टाकला तरी फरक पडणार नाही.

उपाय दोन. एक, सही करताना व्हीएममध्ये प्रॉक्समॉक्सच्या 'कन्सोल'मधून शिरा. दुसरा, आणि बऱ्याच ऑफिसांना जास्त सोयीचा: टोकन होस्टला लावूच नका. ते आपल्या टेबलावरच्या पीसीला लावा, रिमोट डेस्कटॉपच्या 'लोकल रिसोर्सेस'मध्ये 'स्मार्ट कार्ड्स'ला खूण करा, आणि टोकनचं सॉफ्टवेअर व्हीएममध्ये असू द्या. मग टोकन मालकाच्या डोळ्यांसमोर राहतं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ प्रमाणे खासगी किल्ली ताब्यात ठेवण्याची जबाबदारी डीएससी ज्याच्या नावावर आहे त्याची असते. सर्व्हरच्या कपाटात दिवसरात्र लावून ठेवलेलं टोकन आणि स्टिकरवर लिहिलेला पिन ही मांडणी त्यात बसत नाही.

कॅमच्या डोंगलबाबतही रिमोट डेस्कटॉपची हीच अडचण येऊ शकते. काही सॉफ्टवेअर डोंगल सापडूनही रिमोट सत्रात चालायला नकार देतात. ते परवान्याचं बंधन आहे, जोडणीतला दोष नव्हे. कन्सोलमधून उघडून बघितलं की लगेच कळतं.

वजनकाटा आणि सीएनसीची सीरियल केबल

ऊसकाट्याचा इंडिकेटर किंवा सीएनसीचा कंट्रोलर आरएस-२३२ वर बोलतो, आणि पीसीला सीरियल पोर्ट नसल्यानं मध्ये यूएसबी-सीरियल केबल येते. ही केबल यूएसबी म्हणून देता येतेच, पण त्याहून निवांत वाट आहे. केबल होस्टलाच राहू द्या आणि व्हीएमला फक्त सीरियल पोर्ट द्या.

होस्टवर '/डेव्ह/सीरियल/बाय-आयडी' या फोल्डरात केबलचं पूर्ण नाव दिसेल. मग शेलमध्ये 'क्यूएम सेट १०१ -सीरियल०' आणि त्यापुढे एक जागा सोडून तो पूर्ण पत्ता लिहा. १०१ च्या जागी आपल्या व्हीएमचा क्रमांक. व्हीएम बंद-चालू करा. आतल्या विंडोजला साधा 'कॉम १' दिसतो, चिपचा ड्रायव्हर टाकायची भानगड राहत नाही. अगदी जुन्या विंडोजवर चालणाऱ्या काट्याच्या सॉफ्टवेअरला हे छान मानवतं. गळीत हंगामात रात्रभर गाड्या काट्यावर असताना ड्रायव्हरनं मान टाकण्याचा प्रश्नही उरत नाही.

यूएसबी म्हणूनच द्यायची असेल तर एफटीडीआय चिपची केबल घ्या. तिच्यात अनुक्रमांक असतो, म्हणून विंडोज तिला ओळखतं आणि कॉम पोर्टचा नंबर टिकतो. स्वस्तातल्या सीएच३४० केबलमध्ये बहुधा अनुक्रमांक नसतो. व्हीएमच्या हार्डवेअरमधली तिची जागा 'यूएसबी०'वरून 'यूएसबी१' झाली, तरी विंडोज तिला नवी केबल समजून कॉम ३ चा कॉम ७ करतं आणि काट्याचं सॉफ्टवेअर गप्प बसतं.

लांबीचं भान ठेवा. यूएसबी २ ची केबल पाच मीटरपर्यंतच, आरएस-२३२ साधारण पंधरा मीटर. काटा गेटवर आणि सर्व्हर ऑफिसात असेल तर लांब यूएसबी केबल ओढू नका, सीरियलचं नेटवर्क कन्व्हर्टर लावा.

डिस्क: कुठं लावायची ते आधी ठरवा

यूएसबी डिस्क वापरायच्या चार तऱ्हा आहेत, आणि चुकीची निवडली तर डेटा जातो.

सगळ्यात सोपी म्हणजे टोकनसारखीच अख्खी यूएसबी जोडणी देणं. पेनड्राइव्हवरच्या चार फाइली आत घ्यायला ठीक. रोजच्या बॅकअपला नको. होस्टला यूएसबीची जोडणी क्षणभर तुटलेली दिसली की आतल्या विंडोजच्या हातून डिस्क निघून जाते, आणि लिहिणं चालू असेल तर फाइल सिस्टिम बिघडते. प्रॉक्समॉक्सच्या बॅकअपमध्ये अशी डिस्क येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

दुसरी तऱ्हा: डिस्क होस्टनं हाताळायची, पण व्हीएमला ती एससीएसआय डिस्क म्हणून दाखवायची. '/डेव्ह/डिस्क/बाय-आयडी'मध्ये 'यूएसबी-'ने सुरू होणारं नाव शोधा. 'पार्ट१'ने संपणारं नको, अख्ख्या डिस्कचं हवं. मग 'क्यूएम सेट १०१ -एससीएसआय१' आणि त्यापुढे तो पत्ता. 'एसडीबी', 'एसडीसी' अशी नावं कधीही वापरू नका. होस्ट रीबूट झाला आणि डिस्का वेगळ्या क्रमानं जाग्या झाल्या, की 'एसडीबी' म्हणजे भलतीच डिस्क होते. या तऱ्हेत वेग चांगला मिळतो, पण तीन गोष्टी सांभाळा. स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवणं) घेता येत नाही. डिस्क लावलेली नसेल तर व्हीएम सुरूच होत नाही. आणि डिस्कच्या 'एडिट'मध्ये 'बॅकअप'ची खूण काढली नाही, तर रात्रीचा बॅकअप ती चार टीबीची डिस्कही उचलायला बघतो आणि बॅकअपची जागा भरून बसते.

या दोन्ही तऱ्हांत एक गोष्ट निक्षून: डिस्क व्हीएमला दिली असेल तर होस्टवर माउंट करायची, म्हणजे तिथल्या फोल्डरला जोडून उघडायची नाही. 'नुसतं बघतो काय आहे ते' म्हणूनही नाही. दोन सिस्टिम एकाच फाइल सिस्टिमवर लिहू लागल्या की दोघींच्या नोंदी एकमेकींना खोट्या पाडतात, आणि नंतर दुरुस्ती चालवली तरी सगळं परत मिळेल असं नाही.

तिसरी तऱ्हा बॅकअपसाठी आम्ही पहिली सुचवू: डिस्क होस्टवर माउंट करा आणि प्रॉक्समॉक्सचा स्वतःचा बॅकअप तिच्यावर घ्या. पायऱ्या अशा.

१. 'एलएसबीएलके' चालवून डिस्क ओळखा. क्षमता आणि मॉडेल दोन्ही जुळवा, मगच पुढे जा.
२. पार्टिशन करून ईएक्सटी४ ने फॉर्मॅट करा. आधीचं सगळं पुसलं जाईल. एखाद्या विंडोज पीसीवरही डिस्क उघडायची असेल तर एनटीएफएस ठेवा. फॅट३२ नको, त्यात चार जीबीहून मोठी फाइल बसत नाही.
३. 'बीएलकेआयडी'ने यूयूआयडी (पार्टिशनचा स्वतःचा ओळखक्रमांक) घ्या आणि '/एमएनटी/बॅकअप' फोल्डर करा.
४. '/ईटीसी/एफएसटॅब'मध्ये (बूट होताना काय कुठं माउंट करायचं त्या यादीत) यूयूआयडीची ओळ लिहा, आणि पर्यायांत 'नोफेल' घालायला विसरू नका. तो नसेल आणि डिस्क लावलेली नसेल, तर होस्ट रीबूटनंतर इमर्जन्सी मोडमध्ये अडकतो. पावसाळ्यात खानापूरकडे लाइट गेली-आली करते तेव्हा हे नेमकं पहाटे तीनला होतं.
५. डेटासेंटर, 'स्टोरेज', 'ॲड', 'डिरेक्टरी'. पत्ता तोच, 'कंटेंट'मध्ये फक्त 'बॅकअप'.
६. '/ईटीसी/पीव्हीई/स्टोरेज.सीएफजी' उघडून त्या स्टोरेजखाली 'इज_माउंटपॉइंट १' ही ओळ घाला.

सहावी पायरी बहुतेक जण गाळतात आणि हीच नंतर महागात पडते. डिस्क लावलेली नसली तरी '/एमएनटी/बॅकअप' हे फोल्डर होस्टवर असतंच. ती ओळ नसेल तर प्रॉक्समॉक्स बॅकअप खुशाल त्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे होस्टच्याच डिस्कवर लिहितं. तीन-चार रात्रींत होस्टची डिस्क शंभर टक्के भरते आणि मग काहीच धड चालत नाही. ती ओळ असली की बॅकअप सरळ अपयशी ठरतो आणि तसा मेल येतो.

पतसंस्थेला एक डिस्क ऑफिसात आणि एक बाहेर ठेवायची असते. दोन्ही डिस्कांना एकच लेबल द्या आणि एफएसटॅबमध्ये यूयूआयडीऐवजी ते लेबल लिहा. सोमवारची लावा नाहीतर गुरुवारची, माउंट त्याच जागी होईल. मात्र दोन्ही एकदम लावू नका. काढताना आधी 'यूमाउंट', तो आदेश पूर्ण होऊन कर्सर परत येईपर्यंत थांबा, आणि मगच केबल ओढा. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर वापरत असाल तर त्याच्या ३.३ आवृत्तीपासून काढता-लावता येणारा डेटास्टोर मिळतो, तिथं ही कसरत लागत नाही.

वेगाचा हिशेब आधीच करून ठेवा. यूएसबी २ वर सेकंदाला ३०-४० एमबी मिळतात. ५०० जीबीला जवळजवळ चार तास. तीच डिस्क यूएसबी ३ वर ११० एमबीनं चालली तर सव्वा तास. रात्री दहाला सुरू झालेला बॅकअप सकाळी ऑफिस उघडेपर्यंत संपणार का, ते यावर ठरतं.

चौथी तऱ्हा म्हणजे अख्खा यूएसबी कंट्रोलरच व्हीएमला देणं. मग त्यावरचे सगळे पोर्ट त्या व्हीएमचे, लावणं-काढणं खऱ्या पीसीसारखं. यासाठी बायोसमध्ये इंटेलवर व्हीटी-डी किंवा एएमडीवर आयओएमएमयू चालू हवं. ६.८ च्या आधीच्या कर्नलवर इंटेल असेल तर बूटच्या ओळीत (कर्नल सुरू होताना वाचतं त्या पर्यायांच्या ओळीत) 'इंटेल_आयओएमएमयू=ऑन'ही लागतं. बोर्डावरचा कंट्रोलर देण्याआधी दोनदा विचार करा: साध्या इंटेल बोर्डावर बहुधा एकच असतो आणि कीबोर्डही त्याच्यावरच. तो गेला की होस्टसमोर बसून काहीच टाइप करता येत नाही. वेगळं पीसीआय एक्सप्रेस यूएसबी कार्ड घाला आणि तेच द्या. डिस्का लावणार असाल तर पॉवर सप्लायची वायर लागणारं कार्ड घ्या.

यूपीएस होस्टचाच

यूपीएसची यूएसबी केबल टॅलीच्या व्हीएमला दिली, तर बॅटरी संपत आल्यावर फक्त तो व्हीएम नीट बंद होईल. होस्ट आणि बाकीचे व्हीएम चालू असतानाच वीज जाईल. केबल होस्टला ठेवा आणि तिथं 'नट' हे यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर बसवा. बॅटरी कमी झाली की होस्ट बंद व्हायला लागतो आणि आधी सगळे व्हीएम क्रमानं बंद करतो. प्रत्येक व्हीएममध्ये क्यूईएमयू गेस्ट एजंट हवा, म्हणजे विंडोज निरोप ऐकतं. वाट बघण्याची मुदत 'ऑप्शन्स'मधल्या 'स्टार्ट/शटडाउन ऑर्डर'मध्ये असते. यूपीएस दहा मिनिटं टिकत असेल तर सगळ्या मुदती मिळून सहा-सात मिनिटांत बसवा. हेस्कॉमची लाइट अर्ध्यात परत आली तरी बंद होण्याचा क्रम पूर्ण होऊ द्या, मध्येच थांबवू नका.

बिघाड शोधताना

होस्टच्या शेलमध्ये 'डीमेसेज -डब्ल्यू' (अक्षरं डी-एम-ई-एस-जी) चालू ठेवा आणि केबल हलवून बघा. 'रीसेट सुपरस्पीड' अशा ओळी धडाधड येत असतील तर दोष केबलचा किंवा विजेचा. यूएसबी ३ चं पोर्ट ९०० मिलिॲम्पियर देतं, यूएसबी २ चं ५००. अडीच इंची डिस्क सुरू होताना तेवढ्यातच कशीबशी भागवते. लांब केबल आणि बिनॲडॅप्टरचा हब मध्ये आला की कोसळते. साडेतीन इंचीला तिचा स्वतःचा ॲडॅप्टर लागतोच.

ओळींमध्ये 'यूएएस' आणि 'ॲबॉर्ट' दिसलं तर डिस्कच्या डब्यातल्या चिपचं यूएएसशी (यूएसबी डिस्कशी बोलण्याच्या वेगवान पद्धतीशी) पटत नाही. बूटच्या ओळीत 'यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स=' आणि पुढे त्या डब्याचा आयडी व शेवटी ':यू' लिहिलं, की यूएएस बंद होतं. वेग थोडा घटतो, डिस्क मात्र टिकून राहते.

डोंगल काही वेळ पडून राहिल्यावर गायब होत असेल, तर वीजबचतीमुळे तो झोपलेला असतो. होस्टच्या बूटच्या ओळीत 'यूएसबीकोर.ऑटोसस्पेंड=-१' घाला, आणि आतल्या विंडोजमध्ये पॉवर ऑप्शन्समधलं 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा. दोन्हीकडे करावं लागतं.

फाउंड्रीत यातलं काहीच नसून नुसती धूळ असते. वाळूची आणि लोखंडाची बारीक पूड पोर्टात बसते, आणि खालून वर हवा ओढणारं कॅबिनेट ती आणखी आत घेतं. होस्ट बंद करून पोर्टात हवा मारा, कनेक्टर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा आणि रिकाम्या पोर्टांना रबरी टोपणं घाला.

व्हर्च्युअलबॉक्स वापरत असाल तर होस्ट लिनक्स असताना तुमचं खातं 'व्हीबॉक्सयूजर्स' गटात हवं, नाहीतर यूएसबीची यादी रिकामी दिसते. हायपर-व्हीमध्ये असं थेट यूएसबी देण्याची सोयच नाही. तिथं टोकनसाठी रिमोट डेस्कटॉपची वर सांगितलेली वाट, आणि डिस्कसाठी होस्टच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती 'ऑफलाइन' करून व्हीएमला द्यायची. पेनड्राइव्हला हे सहसा जमत नाही, कारण विंडोज त्याला काढता येणारी डिस्क समजतं आणि 'ऑफलाइन'चा पर्यायच देत नाही.